शेवटचा एक मीटर

मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलके छोटे विमान, चालवायला शिकण्याचा निर्णय मी वयाच्या ४३ व्या वर्षी घेतला आणि पुढचे सव्वा वर्ष हॅम्पशायरमधल्या एका गवताच्या धावपट्टीवर शनिवार-रविवार घालवल्यानंतर ब्रिटनचा राष्ट्रीय खासगी वैमानिक परवाना मला मिळाला. कोल्हापूरहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर उंचीच्या भीतीची चौकशी होते. उंचीची भीती मला कधीच वाटली नाही. मला छळले ते जमिनीलगतच्या शेवटच्या एका मीटरने.

मी शिकले ते विमान फ्लेक्सविंग प्रकारचे आहे, म्हणजे हँग ग्लायडरसारख्या मोठ्या कापडी पंखाखाली टांगलेली, पाठीमागे इंजिन आणि पंखा असलेली तीनचाकी ट्राइक. तिला शेपूट नसते. पंखाला जोडलेला आडवा दांडा दोन्ही हातांत धरून आपले आणि ट्राइकचे वजन पंखाखाली सरकवायचे, एवढेच नियंत्रण वैमानिकाकडे असते. दांडा पुढे ढकलला की नाक वर जाते आणि वेग घटतो. अंगाकडे ओढला की नाक खाली येते आणि वेग वाढतो. उजवीकडे नेला की विमान डावीकडे वळते. हे सारे नेहमीच्या विमानाच्या उलट असल्यामुळे जुन्या वैमानिकांना जड जाते. माझ्या हातांना आधीची कोणतीच सवय नसल्याने मी त्यातून लवकर सुटले.

उतरणे मात्र सुटेना. जमिनीजवळ झाडे, कुंपणे आणि गवत यांच्या अडथळ्याने वारा मंदावतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्यात उतरणाऱ्या विमानाचा हवेतला वेग नेमका शेवटच्या टप्प्यात अचानक घटतो. म्हणून दांडा अंगाकडे ओढून जादा वेग राखत खाली यायचे, योग्य उंचीवर उतार मोडून विमान जमिनीला समांतर करायचे आणि वेग ओसरत जाईल तसा दांडा हळूहळू पुढे सोडत मागची चाके आधी टेकू द्यायची. वाचताना हे सरळ वाटते. दांडा क्षणभर आधी सुटला की विमान फुग्यासारखे वर उसळे, आणि उशीर झाला की गवतावर धप्पकन आदळे. मागच्या सीटवरून माझे प्रशिक्षक दर वेळी एकच सांगत, की चाकांखालची जमीन पाहू नका, धावपट्टीचे पलीकडचे टोक पाहा. ते टोक पाहायला माझ्या डोळ्यांना कित्येक आठवडे लागले.

एका शांत संध्याकाळी, तीन चांगल्या उतरणींनंतर, प्रशिक्षक सीटचा पट्टा सोडून खाली उतरले आणि म्हणाले, ‘एक फेरी मारून या.’ एका माणसाचे वजन कमी झाल्याने ट्राइक इतकी झपाट्याने वर चढली की फेरीची उंची गाठल्याचे ध्यानात येईपर्यंत मी ती ओलांडली होती. उतरतानाही ती तरंगतच राहिली. दांडा घाईने पुढे न सोडता मी थांबले, आणि ती आपणहून बसली.

परवान्यासाठी किमान २५ तासांचे उड्डाण लागते आणि त्यांतले १० तास एकट्याने करावे लागतात. मला बरेच जास्त लागले, आणि त्याचा मला मुळीच खेद नाही. हवाई कायदा, हवामान, दिशाशोधन, मानवी मर्यादा आणि विमानाची तांत्रिक माहिती अशा पाच लेखी परीक्षा असतात. त्यांतला हवामानाचा अभ्यास मला सर्वांत प्रिय झाला, कारण मंदावणाऱ्या वाऱ्याचे कारण मला आधी हातांनी आणि मग पुस्तकाने समजले. शिवाय किमान ४० नॉटिकल मैलांची दोन एकट्याची प्रवास-उड्डाणे करावी लागतात आणि वाटेत परक्या धावपट्टीवर उतरावे लागते. दोन्ही वेळा माझा नकाशाचा अभ्यास उत्तम होता आणि मन मात्र त्या अनोळखी गवतावर होते.

अंतिम चाचणीत परीक्षकांनी हवेत अचानक इंजिनाची शक्ती कमी करून ‘इंजिन बंद पडले’ असे जाहीर केले. मी वाऱ्याची दिशा आठवली, नुकतेच कापणी झालेले एक लांब शेत निवडले, वळण घेऊन त्याच्या रेषेत आले, आणि तिथे पोहोचणे निश्चित आहे असे दिसताच त्यांनी पुन्हा वर चढायला सांगितले. परत आल्यावर मी दांडा ओढून धरला, पलीकडच्या टोकाला नजर लावली आणि वेग ओसरू दिला. चाके नेमकी कोणत्या क्षणी टेकली, ते मला सांगता आले नसते.