आज भांग

भाद्रपद वद्य अष्टमी, माशेल, गोवा. रात्रीचे दहा.

पितृपक्ष ही माझी हक्काची सुटी. या पंधरवड्यात तालमीचा नारळ कुणी फोडत नाही, त्यामुळे कार्तिकातल्या जत्रेच्या नाटकाचं लिखाण कुठवर आलं हे विचारायलाही मंडळी जरा दबकतात. आज मात्र दुपारी फोन आलाच. "तिसरा अंक?" "होतोय," म्हटलं. होत काही नव्हता. मी त्या वेळी स्वयंपाकघरात सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, बारीक तुकडे करत होतो आणि हुमणाच्या कालवणात घालायची सुंगटं आमिष म्हणून गरीला चालली म्हणून बायको नुसतीच बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मासे गरवायला जायचं तर आधी तिथी बघायची. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे मला गरवण्यातले माझे सोबती आबा यांनी शिकवलं. आज अष्टमी, आठाचे पाऊण सहा. म्हणजे समुद्रावर सहाला पाणी भरणार. आमचा कुंभारजुव्याचा कालवा पार आत, मांडवी आणि जुवारीच्या मधे. तिथे ते आणखी उशिरा पोचतं. हिशेब अगदी काटेकोर नाही, पण मोबाइल घरी ठेवून निघणाऱ्याला पुरतो. आणि अष्टमी म्हणजे भांग. पुनवेला-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ असते. भांगाला पाणी आळशासारखं चढतं आणि आळशासारखं उतरतं. बांधावर पोचलो तर आबा आधीच बसलेले. "मास्तर, आज भांग. कितेंच लागचें ना." तरीही ते स्वतः दोन तांगूस, म्हणजे गरीच्या दोऱ्या, टाकून बसले होते.

आबांचा जन्म बार्जवर खलाशी म्हणून गेला. पावसाळ्यात आग्वादकडे वाळूचा दांडा उभा राहून मांडवीचं तोंड बंद व्हायचं, तेव्हा खनिजाच्या बार्जी याच कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठायच्या. त्यामुळे इथली वळणं त्यांना पाठ आहेत. कुठल्या वळणावर चिखलात मगर उन्हाला पडते तेही. हो, मगरी आहेत. म्हणून आम्ही काठापासून चार पावलं मागे बसतो.

लोकांचा एक प्रश्न ठरलेला. "तिथे शांततेत सुचत असेल ना खूप?" नाही हो. काहीच सुचत नाही, म्हणून तर जातो. तांगूस तर्जनीवरून घेतली की सगळा जीव त्या एका पेरावर येऊन बसतो. काळुंदर नुसतं टुचटुच करतं आणि आमिष फस्त करून जातं. शेंगाळं सरळ ओढतं. त्याचा काटा हाताला लागला की रात्रभर ठणका. या दोन्हींतला फरक बोटाला कळायला मला दीड वर्ष लागलं. एवढ्या वेळात दोन नाटकं लिहून झाली, पण बोटाला झालेला तो आनंद नाटकांनी दिला नाही. (हे मंडळीत कुणाला सांगू नये.)

याआधी पेटी होती. मराठीत नाद या शब्दाची गंमतच आहे, सूर तो नाद आणि वेडही नादच. इथून जवळच मंगेशी. १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढणाऱ्या मास्टर दीनानाथांना गाण्याइतकाच ज्योतिषाचा नाद होता म्हणतात, तर आमच्यासारख्यांचं काय! मी रात्री जेवल्यावर ओसरीवर बसून पेटी वाजवायचो, नाट्यपदं, चुकतमाकत. शेजाऱ्यांनी ऐकलं. मग गुरुवारच्या भजनाला बोलावणं आलं. मग सप्ताहाला. मग एका जत्रेत पेटीवाला आयत्या वेळी आला नाही आणि मला बसवलं. त्यानंतर आपल्याच नाटकाच्या तालमीला, "तुम्ही आहातच की!" दोन वर्षांत पेटी उघडताना पोटात तालमीआधी येतो तसा गोळा यायला लागला. आता ती कपाटावर आहे. कुणी हौसेचं कौतुक करायला लागलं की मला हल्ली भीती वाटते.

मासे गरवण्यात हा धोका नाही, कारण मी त्यात अगदीच सुमार आहे. जत्रेत कुणी मला शेंगाळं काढायला बोलावणार नाही.

पण आज एक झालं. उन्हं उतरली, पाणी बांधाच्या दगडांना टेकलं, आणि आबा सहज पौष अमावास्येचं बोलायला लागले. तिकडे बोरी-दुर्भाटच्या बाजूला त्या दिवशी शेताच्या कडेला चिखलाची मगर थापून पूजा करतात, मांगे थापणी. पाण्यातल्या मगरीने माणसाला सांभाळावं, खाजन, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या, शेतीच्या बांधाला राखावं. आबांनी मगर कशी थापतात ते हातांनी हवेत करून दाखवलं, शेपटी आधी, जबडा शेवटी. आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. वही! तिसऱ्या अंकाचा पडदा उघडतोय, मधोमध चिखलाची मगर, मागे बांध फुटल्याचा आवाज, थोरली सून हातात पणती घेऊन... सगळं समोर. वही अर्थात घरी होती. तेवढ्यात बोटाला दोनदा टुचटुच झालं आणि मी ओढायला चुकलो. आबा हसले. "कितें जालें मास्तर?" मी म्हटलं काही नाही.

खरं तर राग आला, स्वतःचाच. पेटी गेली ती लोकांमुळे, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. आज बांधावर लोक कुठे होते? मी आणि आबा.

परतताना एक काळुंदर लागलं, टीचभर. सोडून दिलं. घरी येऊन हात धुतले, जेवलो, टेबलावर बसलो आणि तिसऱ्या अंकाची वही न उघडता ही उघडली. मगर इथेच ठेवतो. नाटकात नाही घालणार. बघू.

उद्या नवमी. नवाचे पाऊण पावणेसात. सुंगटं सकाळीच वेगळी आणून ठेवायला हवीत, बायको उठायच्या आत.