वहीची प्रगती: नॉर्थ कॅरोलायना, हंगाम २००५-०६

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे जुने सामने बघत हाताने शॉट चार्ट (कोर्टाच्या नकाशावर प्रत्येक शॉटची खूण) काढायच्या उद्योगात सध्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाचा २००५-०६ चा हंगाम घेतलाय. मार्च उरकला, म्हणून हाती काय लागलं ते लिहून ठेवतो.

आधी तक्त्याचं बघू. या काळातले सामने नोंदवणार असाल तर आजचं छापील कोर्ट घेऊ नका. तेव्हा तीन गुणांची रेषा रिंगपासून १९ फूट ९ इंचांवर होती (आज ती आणखी लांब आहे) आणि रिंगखालचा कंस आखलेलाच नव्हता. आजच्या तक्त्यावर खुणा केल्या की तेव्हाचे तीन गुणांचे बरेचसे शॉट रेषेच्या आत पडलेले दिसतात आणि सगळा हिशेब फसतो. शॉट क्लॉकही, म्हणजे शॉट मारायची मुदत, ३५ सेकंदांचं होतं, त्यामुळे चढायांची संख्या बघून संघ संथ होता असं ठरवायची घाई नको.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. एप्रिल २००५ मध्ये सेंट लुईसला इलिनॉयला ७५-७० हरवून विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर सर्वाधिक गुण करणारे सातही खेळाडू गेले. मार्विन विल्यम्स, फेल्टन, मे आणि मकॅन्ट्स हे चौघे एनबीएच्या (व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, पहिल्या चौदांत निवडले गेले. पैकी मार्विन तर दुसरा, आणि तो या संघात राखीव म्हणून उतरायचा! बाकीच्या तिघांची कॉलेजची वर्षं संपली. उरलेल्यांत सर्वाधिक सरासरी डेव्हिड नोएलची, तीही सामन्यामागे चारपेक्षा कमी.

या हंगामाची गोष्ट एरवी एकाच नावावर सांगितली जाते: टायलर हॅन्सब्रो. पहिल्याच वर्षी सरासरी १८.९ गुण, फेब्रुवारीत जॉर्जिया टेकविरुद्ध ४०. त्याचं श्रेय कमी करायचा माझा विचार नाही. पण चार्ट काढायला बसलं की डोळा बॉलवरून हटतो आणि बॉल तिथवर कसा पोचला हे दिसायला लागतं. तेव्हाचे प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांच्या खेळात बास्केट खाल्ल्यावरही संघ तसाच पळत सुटतो. उंच खेळाडू थेट रिंगकडे धावतो, बचाव करणाऱ्याला पाठीवर घेतो आणि हात वर करून बॉल मागतो. हॅन्सब्रो हे न थकता करायचा. मात्र तो पास द्यायला कोपऱ्यात किंवा बाजूला कोणीतरी लागतो, आणि त्या जागी मला बहुतेक वेळा नोएल सापडतो. म्हणून मी 'शेवटून दुसरा पास' असा वेगळा रकाना पाडलाय. असिस्टच्या (थेट बास्केट घडवणाऱ्या पासच्या) आकड्यांत ही माणसं दिसतच नाहीत.

दुसरा रेशॉन टेरी. आदल्या वर्षी बाकावर बसलेला हा पोरगा या हंगामात गुणांच्या यादीत हॅन्सब्रोनंतर दुसरा आला. तिसरा वेस मिलर: उंचीला बेताचा, जेम्स मॅडिसनहून बदलून आलेला. तो बाहेर उभा राहिला की मधल्या गर्दीतला एक माणूस त्याच्याकडे ओढला जातो. तेवढ्यानेच हॅन्सब्रोला वळायला जागा मिळते. नवख्या फ्रेझरने बॉल आणायचं काम सांभाळलं, पण दबाव आला की त्याची तारांबळ उडते. डिसेंबरच्या चार्टमध्ये टर्नओव्हरच्या (बॉल गमावल्याच्या) फुल्या बघवत नाहीत.

लीगमधला हिशेब १२ विजय, ४ हार. सगळ्यात जास्त वेळ घेतला तो ४ मार्च २००६ च्या ड्यूकविरुद्धच्या सामन्याने. ड्यूकचं मैदान कॅमेरन इनडोअर, त्यांचे खेळाडू रेडिक आणि शेल्डन विल्यम्स यांचा घरचा शेवटचा सामना, ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर. निकाल ८३-७६, नॉर्थ कॅरोलायना. रेडिकचे २१ पैकी ५ शॉट आत गेले. हा चार्ट मुद्दाम शॉटच्या जागेपेक्षा शॉटच्या आधीच्या पळापळीसाठी काढा. रेडिक स्क्रीनमागून स्क्रीन (सहकाऱ्याने बचाव करणाऱ्याची वाट अडवणं) घेत फिरतोय आणि त्याच्यामागे दर वेळी ताज्या दमाचा कोणीतरी आहे. आदल्या वर्षीच्या संघात गुणवत्ता कितीतरी जास्त होती, पण मला हा सामना बघायला जास्त आवडतो. पक्षपात आहे, मान्य.

मग राष्ट्रीय स्पर्धेतली, डेटन शहरातली ती दुपार. सुरुवातीला १६-२ अशी आघाडी असताना जॉर्ज मेसनकडून ६०-६५ हार. मेसनचे जाई लुईस आणि विल थॉमस दोघेही हॅन्सब्रोपेक्षा बुटके, पण अंगाने भक्कम. त्याला हवी ती जागाच ते आधी अडवून ठेवतात, मग आतला पास तुटतो आणि बाहेरच्यांना स्वतः काहीतरी घडवावं लागतं. आदल्या वर्षी बॉल आणणारा फेल्टन नसल्याची उणीव मला हंगामभरात इथे सगळ्यात जास्त जाणवली. मेसनचा संघ पुढे थेट फायनल फोरला (राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत) गेला, त्यामुळे ही हार नंतर तितकी लाजिरवाणी वाटली नाही. एकूण २३-८, आणि रॉय विल्यम्स असोसिएटेड प्रेसचे वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक.

पुढची वही याच संघाच्या २००९-१० च्या हंगामाची. पुन्हा विजेतेपद, पुन्हा तारे गेले: हॅन्सब्रो, लॉसन, एलिंग्टन, ग्रीन. प्रशिक्षक तेच, हाताशी नावाजलेले तरुणही होते, तरी लीगमध्ये ५-११ आणि शेवट एनआयटीच्या (मुख्य स्पर्धेत जागा न मिळालेल्या संघांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात डेटन विद्यापीठाकडून हरून. माझा संशय बॉल आणणाऱ्या जागेवर आहे. म्हणून या वेळी 'शेवटून दुसरा पास'सोबत अर्धी रेषा ओलांडेपर्यंत किती सेकंद गेले तेही लिहिणार आहे. त्या हंगामातल्या लीग सामन्यांचं पूर्ण चित्रण कोणाकडे असेल तर कळवा, तुकडे नकोत.