फळ्याच्या उजव्या बाजूचे डॉ. विल्यम्स

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. जुनी इमारत, गॅदरिंग, शिपाईमामांची घंटा यांवर बाकीचे लिहितीलच. हे पान इतिहासाच्या सरांचं. त्यांचं नाव लिहीत नाही. ज्यांना ते सांगावं लागेल ते आपल्या शाळेचे नव्हेत.

सरांचा फळा आठवा. डावीकडे पाठ, मग एक उभी रेघ, आणि रेघेपलीकडे बेरीज-वजाबाकी. इतिहासाच्या तासाला गणित मांडणारे हे एकटेच. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघानं पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजला सात गडी राखून हरवलं. सरदेसाईंचे ११२, गावसकरांचे पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७. शाळेतल्या पोराटोरांना तिथलं क्वीन्स पार्क ओव्हल मैदान तोंडपाठ झालं. सरांनी तो धागा पकडला. पोर्ट ऑफ स्पेन ही कॅरिबियन बेटांमधल्या त्रिनिदादची राजधानी, आणि याच मैदानावर ३० ऑगस्ट १९६२ ला, त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, तिथल्या शाळकरी मुलांचा मेळावा भरला होता. देशाचं भवितव्य तुमच्या दप्तरांत आहे, असं त्या मुलांना सांगणारे पंतप्रधान म्हणजे डॉ. एरिक विल्यम्स. हा माणूस अभ्यासक्रमात नव्हता. सरांच्या फळ्यावर मात्र तो उजव्या बाजूला ठाण मांडून बसला.

चरित्र सर झरझर सांगत. जन्म २५ सप्टेंबर १९११, पोर्ट ऑफ स्पेन. वडील पोस्टात कारकून, बारा भावंडांत हे थोरले. सरकारी शिष्यवृत्तीवर क्वीन्स रॉयल कॉलेज या शाळेत प्रवेश. तिथं फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीनं ऐकू कमी येऊ लागलं ते कायमचंच. पुढे कानातलं यंत्र आणि काळा चष्मा ही त्यांची ओळख झाली. नको असलेलं बोलणं सुरू झालं की ते यंत्र बंद करतात, अशी वदंता त्रिनिदादमध्ये होती. ऑक्सफर्डला १९३५ मध्ये इतिहासात पहिला वर्ग, १९३८ मध्ये डॉक्टरेट. ब्रिटिशांनी गुलामगिरी निव्वळ माणुसकीपोटी बंद केली हे तिथलं लाडकं मत. विल्यम्सनी त्याखालचा साखरेचा हिशेब काढला: वेस्ट इंडिजचे मळे पूर्वीसारखे फायद्याचे उरले नव्हते आणि इंग्लंडच्या नव्या कारखानदारीला ती जुनी मक्तेदारी अडचणीची होऊ लागली होती. प्रबंधाचा विस्तार करून त्यांनी केलेलं पुस्तक १९४४ मध्ये निघालं ते अमेरिकेत. सरांना विल्यम्स का आवडत हे इथंच कळतं. विशेषणं बाजूला ठेवून आकडा विचारणारा माणूस त्यांना आपला वाटे.

नंतर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात प्राध्यापकी आणि वसाहतवाल्या देशांनी मिळून चालवलेल्या कॅरिबियन कमिशनमध्ये नोकरी. १९५५ मध्ये कमिशननं करार वाढवला नाही. २१ जून १९५५ च्या संध्याकाळी विल्यम्स पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड स्क्वेअरमध्ये गर्दीपुढे उभे राहिले आणि कमिशनशी आपलं काय बिनसलं ते सविस्तर सांगून, आता इथंच राहणार असं जाहीर केलं. त्या चौकाला लोक पुढे विद्यापीठच म्हणू लागले. राज्यघटना, साखरेचे भाव, गुलामीचा इतिहास यांवर तिथं तासन्‌तास व्याख्यानं चालत आणि बंदरावरचे हमालही उभ्यानं ऐकत.

आता तो गाजलेला हिशेब. जानेवारी १९५६ मध्ये पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा पक्ष निघाला आणि २४ सप्टेंबरला निवडणूक झाली. २४ पैकी १३ जागा, मतं सुमारे ३९ टक्के. वर्गातली पोरं म्हणाली, बहुमत झालं की! सरांनी रेघेपलीकडे लिहिलं: निवडून आलेले २४, गव्हर्नरनं नेमायचे ५, पदसिद्ध अधिकारी २, एकूण ३१. म्हणजे हवेत १६. हातात १३. गव्हर्नरनं पाचही जण आपल्या पसंतीचे नेमले आणि अधिकारी तटस्थ राहिले तरी समोर ११ अधिक ५, म्हणजे १६. जिंकूनही हरलात. विल्यम्सनी मागणी केली की पाचांतले दोघं माझ्या यादीतले घ्या आणि दोन अधिकाऱ्यांनी सरकारच्या बाजूनं मत द्यावं. लंडनच्या वसाहतमंत्र्यांनी ते मान्य केलं. १३ अधिक २ अधिक २, सतरा. तेव्हा कुठे ते मुख्यमंत्री झाले. निवडणूक जिंकणं आणि सभागृह चालवणं ही दोन वेगळी उदाहरणं आहेत, ती वेगवेगळी सोडवा, हे सरांनी आपल्या सातवीच्या पोरांना शिकवलं. त्या बाकांवरची एक मुलगी आज मतदान केंद्राध्यक्षांना प्रशिक्षण देते आणि एकजण सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो. हे उगाच झालेलं नाही.

दुसरा हिशेब महासंघाचा. ३ जानेवारी १९५८ ला दहा बेटवसाहतींचा वेस्ट इंडिज महासंघ सुरू झाला. खर्चाची वाटणी ठरलेली: जमैका सुमारे ४३ टक्के, त्रिनिदाद सुमारे ३९, उरलेल्यात बार्बाडोससकट बाकी आठ. १९ सप्टेंबर १९६१ ला जमैकानं सार्वमत घेतलं आणि सुमारे ५४ टक्के लोकांनी महासंघ सोडायचा कौल दिला. दहातून एक गेला की शून्य उरतं, हे विल्यम्सचं वाक्य जगभर गाजलं. पोरं हसली, आणि सर नेमके तिथंच थांबले. शंभरातले ४३ काढा, ५७ उरले. त्या ५७ पैकी ३९ एकट्या त्रिनिदादचे, म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त. आठ लहान बेटांचा संसार एका घरानं ओढायचा, असा तो मामला. चुकीची वाटणारी वजाबाकी पैशाच्या बाजूनं बरोबर होती. ३१ मे १९६२ ला महासंघ विसर्जित झाला.

तोवर लंडनला मार्लबरो हाउसमध्ये त्रिनिदाद-टोबॅगोच्या स्वातंत्र्याची परिषद बसली होती. विरोधी नेते होते डॉ. रुद्रनाथ कपिलदेव, लंडन विद्यापीठात शिकवणारे गणिती. दोन डॉक्टर समोरासमोर. कपिलदेवांच्या मागे मुख्यतः भारतीय वंशाचे लोक. १८४५ ते १९१७ या काळात करारानं नेलेल्या सुमारे १,४३,००० मजुरांची ही मुलंनातवंडं, बहुतेक मूळची बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. १९६० च्या शिरगणतीत लोकसंख्येच्या सुमारे ३६ टक्के. त्यांना धास्ती होती की इंग्रज गेल्यावर राज्यघटना हवी तशी वाकवली जाईल. बोलणी अडली, मग दोघं खासगीत भेटले आणि मार्ग निघाला. घटनेतली काही कलमं बदलायला कनिष्ठ सभागृहात तीन चतुर्थांश मतं लागतील असं ठरलं. सभागृह ३० चं, म्हणजे २३ मतं. डिसेंबर १९६१ च्या निवडणुकीत विल्यम्सच्या पक्षाला मिळाल्या होत्या २०. तीन कमी. त्या तीन मतांवर ३१ ऑगस्ट १९६२ चं स्वातंत्र्य शांततेत आलं, हे सरांचं मत; ते पुस्तकात शोधू नका.

सर विल्यम्सचे भक्त होते, पण १ एप्रिल १९५८ चं भाषण त्यांनी वर्गापासून लपवलं नाही. महासंघाच्या निवडणुकीत त्रिनिदादमधल्या दहापैकी सहा जागा विरोधकांनी घेतल्या, तेव्हा चिडलेल्या विल्यम्सनी त्यांच्या पाठीराख्या भारतीयांना हट्टी आणि शत्रुत्व बाळगणारा अल्पसंख्य गट म्हटलं. ती जखम पुढची कित्येक वर्षं भरली नाही. व्याख्यान देण्याची सवय लागलेल्या माणसाचं असं होतं. पराभवाचं खापर तो वर्गावर फोडतो. सर हे सांगताना फळा पुसत होते.

पण ज्या गोष्टीवर सरांनी पूर्ण एक तास घालवला ती राजकारणात किरकोळ म्हणावी अशी आहे. शाळेत विल्यम्सना शिकवणारे एक तरुण मास्तर होते, सी. एल. आर. जेम्स. इतिहास आणि क्रिकेट या दोन्हींचं वेड. पुढे विल्यम्स ऑक्सफर्डला असताना जेम्सही इंग्लंडमध्येच होते आणि शिष्याच्या प्रबंधाचे खर्डे वाचत होते. १९५८ मध्ये ते त्रिनिदादला परतले आणि विल्यम्सच्या पक्षाचं साप्ताहिक चालवू लागले. फ्रँक वॉरेलला वेस्ट इंडिजचा कर्णधार करा, ही मोहीम त्यांनी त्याच साप्ताहिकातून लढवली. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कर्णधार म्हणून गेला. त्याच वर्षी, १९६० मध्ये, गुरुशिष्यांचं फाटलं. चाग्वारामासच्या अमेरिकन नाविक तळाचा प्रश्न कारण ठरला, असं सर सांगत. तो तळ १९४१ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्यानं गेला होता आणि महासंघाची राजधानी नेमकी तिथंच ठरली होती. २२ एप्रिल १९६० ला विल्यम्सनी भर पावसात मोर्चा काढला, कराराची प्रत जाळली, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेशी तडजोड केली: काही जमीन परत, मुख्य तळ राहिला. जेम्सना ती तडजोड पटणारी नव्हती.

१९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ वेस्ट इंडिजला आला. जेम्स क्रिकेटचे वार्ताहर म्हणून त्रिनिदादला उतरले. ऊसकामगारांच्या संपामुळे आणीबाणी लागू होती. पंतप्रधान विल्यम्सच्या सरकारनं आपल्या पंतप्रधानांच्या मास्तरांना नजरकैदेत ठेवलं.

वर्ग खवळला. गुरूला कोंडतो हा कसला मोठा माणूस, असा सूर. सरांनी दोन्ही बाजू उभ्या केल्या: देश जेमतेम तीन वर्षांचा, संप पेटलेला, आणि जेम्स साम्यवादी विचारांचे, बोलण्यात पटाईत. दुसऱ्या बाजूला एक वयस्क माणूस, हातात क्रिकेटची वही. विल्यम्स चुकले, असं सरांनी शेवटी सांगितलं. सत्ता आली की मास्तरांचा प्रश्न विचारण्याचा हक्क आधी खटकतो, असं त्याचं कारण दिलं. आपल्या सरांनी स्वतः कधी प्रश्न खटकून घेतला नाही. मुख्याध्यापक तासाला येऊन बसले तरी त्यांच्यादेखत उलटे प्रश्न चालत. असे शिक्षक आता शाळेत किती आहेत, हे आताच्या पालकांनीच सांगावं. भूगोल-इतिहासाची नकाशाखोली गेली, तिथं संगणक आले. भिंतीवर चकचकीत पडदा आहे, पण त्याला उजवी बाजू नाही. सगळं आधीच तयार करून आलेलं. संगणक हवेतच, पण कॅरिबियनचा तो कापडी नकाशा रद्दीत घालायला नको होता.

विल्यम्सचं शिक्षणाचं काम सरांना सगळ्यात मोलाचं वाटे. १९६० च्या डिसेंबरमध्ये चर्च आणि इतर धर्मसंस्थांच्या शाळांशी करार झाला. माध्यमिक प्रवेश एका सामाईक परीक्षेच्या गुणांवर. अनुदानित धार्मिक शाळेतल्या ८० टक्के जागा सरकार गुणांनुसार भरणार, २० टक्के मुख्याध्यापकांच्या मर्जीवर, तेही उत्तीर्ण मुलांतूनच. शुल्क माफ झालं. पण जागा अपुऱ्या, मग सत्तरच्या दशकात कनिष्ठ माध्यमिक शाळा भराभर बांधल्या आणि सकाळ-दुपार दोन पाळ्यांत चालवल्या. शिक्षक तेवढ्या वेगानं तयार झाले नाहीत, नामांकित शाळा आणि पाळीच्या शाळा यांच्यातली दरी वाढली. अकराव्या वर्षीची एक परीक्षा मुलाचं आयुष्य ठरवू लागली. वीस टक्क्यांची ती फट बुजवायला हवी होती, असं सर म्हणत. तिथून वशिला शिरतो.

पुढचं सर घाईनं उरकत. १९७० च्या फेब्रुवारीपासून बेकारी आणि गोऱ्यांच्या हातातल्या बँका यांविरुद्ध ब्लॅक पॉवर या कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे मोर्चे निघाले. ए. एन. आर. रॉबिन्सन यांनी मंत्रिपद सोडलं. २१ एप्रिलला आणीबाणी, त्याच दिवशी लष्कराच्या तुकडीचं बंड. बंडखोरांची छावणी चाग्वारामासच्या टोकाला, शहराकडे यायला डोंगराच्या कडेनं एकच रस्ता. तटरक्षक बोटीनं डोंगरावर तोफगोळे टाकून तो अडवला आणि सरकार वाचलं. मे १९७१ मध्ये विरोधकांनी बहिष्कार घातला, मतदान सुमारे ३३ टक्के, विल्यम्सना ३६ पैकी ३६. सरांनी ३६ भोवती वर्तुळ काढून पुढे लिहिलं: नापास. विरोधी बाकच रिकामं, मग सभागृह कशाला? पुढे सत्ताधाऱ्यांतलाच एक सदस्य उठून विरोधी बाकावर बसला. १९७३ मध्ये विल्यम्सनी पद सोडण्याची घोषणा केली, डिसेंबरमध्ये मागे घेतली, आणि लगेच तेलाचे भाव चौपट झाले. शेलची तेलकंपनी सरकारनं १९७४ मध्ये घेतली, पॉइंट लिसासला खत आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले, १ ऑगस्ट १९७६ ला देश प्रजासत्ताक झाला.

२९ मार्च १९८१ ला विल्यम्स पदावर असतानाच गेले, मधुमेह होता. वारस नेमलेला नव्हता. पक्षाचे तीन उपनेते: जॉर्ज चेंबर्स, एरॉल महाबीर, कमालुद्दीन मोहम्मद. राष्ट्राध्यक्ष एलिस क्लार्क यांनी चेंबर्सना बोलावलं. अनुभवानं ज्येष्ठ कमालुद्दीन मागे राहिले. १९८६ च्या निवडणुकीत विल्यम्सच्या पक्षाला ३६ पैकी ३ जागा मिळाल्या, विरोधी आघाडीला ३३, आणि पंतप्रधान झाले ते सोळा वर्षांपूर्वी राजीनामा दिलेले रॉबिन्सन. सर तेव्हा निवृत्त झाले होते, नाहीतर हा हिशेबही त्यांनी पोरांकडून सोडवून घेतला असता.