दोन तासांची पट्टी

मे महिना, बाहेर 45 डिग्री, ओपीडीतला कूलर नुसताच आवाज करत होता. उमरेडकडची एक आजी साडेचार वर्षांच्या नातवाला घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, उजवा डोया सीधा झाला, पन आता डावा तिरपा पाहून रायला, काऊन जी?"

माझ्या पोटात धस्स झालं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि नंबर तपासणारी, मार्चमध्ये पोराला मीच तपासलं होतं. उजवा डोळा आत वळायचा, चष्मा दिवाळीपासूनचा, तो लावून उजव्याला 6/24 आणि डाव्याला 6/9, खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. सरांनी, म्हणजे आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी, चांगल्या डाव्यावर रोज 2 तास पट्टी लिहिली, सहा आठवड्यांनी दाखवा म्हणाले. मधे लग्नसराई आली, दाखवायचं राहिलं.

पट्टी काढली तर खाली सगळ्या घामोळ्या, भुवईचे केस चिकटून निघालेले, कडेला वरून चिकटपट्टी मारलेली, म्हणजे एकच पट्टी दोन-तीन दिवस चालवत होते. चित्रांचा चार्ट लावला. उजवा 6/9. डावा, जो चांगला होता तो, 6/18. मी दोनदा घेतलं, वाटलं पोरगं कंटाळलं असेल.

आजी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पट्टी ठेवत होती. "दोन तासात एवढा फरक पडते, तं दिवसभर ठेवलं तं लवकर सीधा होईन ना." तिला काय बोलणार? पट्टीने डोळा सरळ होत नाही, झाकलेल्या डोळ्यामुळे मेंदूला दुसरा वापरावाच लागतो, एवढंच. पण एवढ्या लहान वयात झाकलेला डोळाही मागे पडतो, आणि मग पोरगं नजर दुसऱ्या डोळ्यानं धरतं, म्हणून तिरळेपणा या डोळ्यातून त्या डोळ्यात गेल्यासारखा दिसतो. हे मी मार्चमध्ये तिला सांगितलंच नव्हतं. ओपीडीत गर्दी होती वगैरे, कारणं खूप आहेत माझ्याकडे.

सरांनी पट्टी बंद केली, चष्मा चालू. तीन आठवडे माझं लक्ष नव्हतं कशात. मग डावा 6/9 वर आला, उजवाही टिकला, आता कधी हा डोळा वळतो कधी तो, ऑपरेशनचं पुढे बघू म्हणाले सर.

निघताना आजीने पिशवीतून पट्ट्यांचा डबा काढला. "सात उरल्या हायेत. वापस घेता का?"