तोडणीच्या दिवसांत काखेती

जॉर्जियाला जाणारे आपले बहुतेक लोक तिबिलिसी, गुडाउरीचा बर्फ आणि काझबेगीचं डोंगरावरचं चर्च एवढं बघून परततात. त्या देशाची खरी ओळख मात्र पूर्वेला काखेतीत होते, तीही सप्टेंबर-ऑक्टोबरात, 'र्तवेली' म्हणजे द्राक्षतोडणी सुरू असताना. आम्ही तासगावचे, बेदाण्यावर घर चालणारे. छाटणी तोंडावर आलेली असताना अण्णांना बाहेर काढणं सोपं नव्हतं, पण द्राक्षं बघायला जायचंय म्हटल्यावर ते तयार झाले. तेलावी शहराजवळच्या एका गावात शेतकऱ्याच्याच घरी उतरलो.

बागेत शिरल्यावर अण्णा गप्पच झाले. आपल्याकडे मंडप, विरळणी, टपोरे लांब मणी. इथे तारेवर बांधलेल्या बुटक्या वेली आणि र्कात्सितेली जातीचे बारीक, बियांचे, पिवळट मणी. आपल्या बाजारात या मालाला कोणी विचारणार नाही. अण्णांनी एक मणी तोंडात टाकला. "साखर चांगली भरलीया. औषध किती मारत्यात, इचार जरा." मग दोघांनीही कात्री घेतली आणि दुपारपर्यंत घड उतरवले.

घराच्या मारानीत, म्हणजे वाइनच्या खोलीत, जमिनीवर फक्त गोल तोंडं दिसतात. खाली गळ्यापर्यंत पुरलेले, अंड्याच्या आकाराचे मातीचे रांजण: क्वेव्री. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिलीत, त्यांना ही खोली परकी वाटणार नाही. रांजणाला आतून मधमाश्यांचं मेण लावतात. द्राक्षं चेंगरून रस, सालं, बिया, देठ सगळं आत. रस फसफसतो तेव्हा सालं वर येतात. ती लाकडी दांड्याने दिवसातून अनेकदा खाली ढकलायची. थंडावा जमीनच राखते. मग वर दगड ठेवून मातीने लिंपायचं, ते थेट वसंतात उघडायचं. सालांसकट मुरल्यामुळे पांढऱ्या द्राक्षाची वाइनही मधाच्या रंगाची आणि चांगलीच तुरट होते. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा इथे सापडलेल्या खापरांवरचे वाइनचे अंश तर सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे आहेत.

रात्री सुप्रा, म्हणजे मेजवानी. तमादा, म्हणजे पंगतीचा प्रमुख, उभा राहून बोलल्याशिवाय कोणी पेला उचलत नाही. शांततेसाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी. अण्णा माळकरी. हे कळल्यावर घरातल्या आजींनी काही न विचारता त्यांच्यापुढे ताज्या रसाचा जग ठेवला आणि प्रत्येक वेळी त्यांचाही पेला तेवढ्याच मानाने भरला. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही: पालक-अक्रोडाची फखाली, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, राजम्याचं लोबिओ, भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेली लांबट पावरोटी.

मी गोव्याचं नाव काढलं आणि सगळं टेबल माझ्याकडे वळलं. काखेतीची राणी केतेवान. धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमाने शिराझला तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी जुन्या गोव्यात आणल्या. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये त्या सापडल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. तमादाने तिच्या नावाने पेला उचलला, दुसरा गोव्याच्या मातीसाठी. अण्णा उभे राहिले आणि हात जोडून मराठीतच बोलले. मी भाषांतर करायच्या आत आजींचे डोळे भरून आले होते.

तिबिलिसीहून तेलावीला मार्श्रुत्का नावाच्या प्रवासी व्हॅन जातात. मोठ्या वायनरींच्या बस-सहली टाळा आणि स्वतःची मारानी असलेलं घर शोधा. काम करायची तयारी आहे हे आधीच कळवा; तोडणीच्या दिवसांत त्यांनाही माणसं कमीच पडतात.