म्हशीनं मान वळवली नाही

कोल्हापूरच्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्याजवळ म्हैस आडवी उभी होती. मी हॉर्न दाबला, तर माझ्या २००४ सालच्या गाडीतनं शेळी कण्हावी तसा आवाज निघाला. म्हशीनं मानसुद्धा वळवली नाही. कट्ट्यावर दूध पीत बसलेले दोघं तेवढे हसले.

उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्यानं बोनेट न उघडताच निकाल दिला, "हॉर्न गेलाय काका, नवी जोडी टाका की." पावसाळ्यात पाणी शिरून हॉर्न जातात, हे खरं. पण माझा हॉर्न मुका झाला नव्हता, नुसता घोगरा झाला होता. फ्यूज उडाला असता तर साफ बंदच पडला असता.

रविवारी बोनेट उघडलं. हॉर्नची वायर काढून बॅटरीच्या प्लसवरनं एक जाड वायर थेट टर्मिनलला दिली, दुसरी मायनसवरनं हॉर्नच्या बॉडीला टेकवली. असा कडाडला की हातातली वायर सुटली! हॉर्न ठणठणीत होता.

मग व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर काढला. आधी हॉर्नची वायर सुटी ठेवूनच मोजलं, तर मीटरनं पूर्ण बारा व्होल्ट दाखवून मला येडं केलं. करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज पडणार कुठनं? वायर परत जोडली, पुतण्याला आत बसवलं, "दाबून धर" म्हटलं. बॅटरीवर १२.२, हॉर्नवर ८.९. मधले ३.३ गेले कुठं? एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी हॉर्नच्या बॉडीला लावली. २.६! तिथं जवळपास शून्य यायला हवं. उरलेले ०.७ रिले, म्हणजे हॉर्नचा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि वायरिंगचे. वीस वर्षांच्या गाडीला तेवढं माफ.

हॉर्नला वायर एकच, अर्थिंग, म्हणजे करंट मायनसला परत जायची वाट, त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीतनं. दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढला, तर पट्टीखाली खारीसारखा पापुद्रे सुटलेला गंज. पॉलिश पेपरनं पट्टी आणि खालचा पत्रा चकचकीत होईस्तोवर घासले, बोल्ट आवळला, वरनं व्हॅसलीन फासलं. २.६ चे ०.१ झाले.

आवाज दमदार आला, पण जरा फाटका. हॉर्नच्या मागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी पुतण्याला दाबायला लावत सूर जुळवत बसलो. पाचव्या खेपेला वरच्या गॅलरीतनं आई ओरडली, "वाजतोय की रं आता, बास कर!"