२९ नंबरपाशी
आज लेकीला घेऊन अटलांटा ब्रेव्ह्जची बेसबॉल मॅच बघायला गेलो होतो. मॅच सुरू व्हायला वेळ होता, आणि निवृत्त केलेल्या, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या सन्मानार्थ पुन्हा कुणाला न दिल्या जाणाऱ्या, जर्सी नंबरांमधल्या २९ समोर माझे पाय थबकले. ब्रेव्ह्जचा पिचर (बॉल टाकणारा) जॉन स्मोल्ट्झ!

गेल्या आठवड्यात तिच्या सॉफ्टबॉल टीममध्ये तिला सुरुवातीऐवजी शेवटी पिचिंगला ठेवलं. घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. म्हणून तिला तिथेच स्मोल्ट्झची गोष्ट सांगितली.

१९९६ मध्ये त्याच्या नावावर २४ विजय आणि लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार. स्टार्टर, म्हणजे मॅचच्या सुरुवातीपासून पिचिंग करणारा, म्हणून याहून वर काय असतं? मग कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली आणि २००० चा अख्खा सीझन हातचा गेला. परतल्यावर तो क्लोजर झाला. म्हणजे शेवटच्या इनिंगला यायचं, जेमतेम आघाडी राखायची, चुकीला जागाच नाही. क्रिकेटमधलं शेवटचं षटक रोज टाकण्यासारखंच हे. अशी आघाडी राखून जिंकून दिलेली मॅच म्हणजे एक ‘सेव्ह’. २००२ मध्ये त्याने ५५ सेव्ह केले! आणि २००५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हा माणूस पुन्हा स्टार्टर. मला सगळ्यात जास्त भिडतं ते हेच. एकूण २१३ विजय, १५४ सेव्ह. दोनशे विजय आणि दीडशे सेव्ह, दोन्ही गाठणारा तो एकटाच.

लेक काही बोलली नाही. खिशातला बॉल काढून शिवणीवर दोन बोटं नीट बसवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, उद्या लवकर उठव. प्रॅक्टिस आहे."